पोर्तुगाल, रिव्हिजन अकरा

त्या माणसाने माझे सात वर्षांचे शुक्रवार खाल्ले. आखातात नोकरी करणाऱ्याला शुक्रवार म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. शनिवारची सुट्टी कागदावर असते, प्लॅन्टला ती कळत नाही. शुक्रवार मात्र आपला. दुकानं बंद, रस्ते मोकळे, उशिरा उठायचं, गावी फोन लावायचा, दुपारी आमटीभात खाऊन आडवं व्हायचं. मी मात्र दहाच्या ठोक्याला लॅपटॉप काखेत मारून सरांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची बेल वाजवायचो. दार वहिनी उघडायच्या. आतून सरांचा आवाज यायचा, "आला का? बूट रेषेच्या बाहेर काढ म्हणावं."

रेष म्हणजे त्यांच्या हॉलमधल्या गालिच्यावर चिकटवलेली पिवळी टेप. सात मीटर लांब, दोन मीटर तीस रुंद. हॉल सात मीटरचा नव्हता, म्हणून गाडीची मागची बाजू बेडरूमच्या दारातून आत गेली होती. गाडी म्हणजे मोटरहोम, चाकांवरचं घर. टेपच्या आत टेपचीच स्वयंपाकाची जागा, टेपचे पलंग, टेपचा संडास. या गाडीने जर्मनीतून निघून फ्रान्स आणि स्पेन पार करून पोर्तुगालच्या अगदी दक्षिणेला, समुद्रकाठी पोचायचं होतं. सव्वीस दिवसांत. चार माणसं: सर, वहिनी, मी आणि माझी बायको. मी दुसरा ड्रायव्हर. मला कोणी विचारलं नव्हतं.

सौदीतल्या जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात सर प्लॅनिंगचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. काही वर्षांनी एकदा सगळा कारखाना बंद करतात, उघडतात, साफ करतात, दुरुस्त करतात आणि पुन्हा चालू करतात. त्याला शटडाऊन म्हणतात. हजारो माणसं येतात, आणि कुठला नट किती वाजता कोणी सोडायचा हे आधी कागदावर ठरवणारा माणूस म्हणजे प्लॅनर. या कामात सरांच्या जवळपास जाणारा मी कोणी पाहिला नाही. हे मी रागात असूनही लिहितो, कारण ते खरं आहे. सांगलीकडचा हा बुटका, टकला माणूस मीटिंगमध्ये आला की मोठे मोठे कंत्राटदार खुर्चीत सरळ बसायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "परमिटशिवाय पाना हलत नाही." प्लॅन्टमध्ये हे बरोबरच आहे. परवानगीचा कागद नसताना कोणी पाइप उघडला तर माणसं मरतात. पण सर हे वाक्य घरी घेऊन आले होते. वहिनींनी पडदे बदलायचे म्हटले की, "परमिट?" शेजारणीबरोबर बाजारात जायचं म्हटलं की, "परमिट कुठाय?" सगळे हसायचे. मीही हसायचो. वहिनी हसायच्या की नाही, ते मी कधी बघितलं नाही.

दुसरं वाक्य मला त्याहून चीड आणणारं. "प्लॅनरने पान्याला हात लावायचा नाही. लावला की त्याला कामाची दया येते, आणि दया आली की प्लॅन बिघडतो." म्हणून हा माणूस स्वतः काही करायचाच नाही. चहाची किटली लावायचा नाही, बल्ब बदलायचा नाही. इतकंच काय, इथल्या सरकारचं जे ॲप असतं, ज्याच्यावर इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, दंड, देशाबाहेर जायची परवानगी सगळं चालतं, ते त्यांच्या फोनवर होतं, त्यांच्या नावाने होतं, आणि चालवायच्या वहिनी. सर सोफ्यावरून सांगायचे, "आता ते दाब. आता नंबर येईल तो घाल. यल्ला, चल, मार." आणि वहिनी मारायच्या.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नवऱ्याच्या इकाम्यावर इथे राहणाऱ्या बायकोला देश सोडून परत यायचं असेल, तर एक्झिट-रीएंट्रीची परवानगी नवऱ्याच्या खात्यातून निघते. पासपोर्ट तिचा, तिकीट तिचं, बटण नवऱ्याच्या फोनवर.

पोर्तुगालच का, हे आता सांगायला हवं. सरांची एकुलती एक मुलगी तिथे असते. इथल्याच इंडियन स्कूलमध्ये शिकली, पुढे हॉलंडला शिकायला गेली, तिथे एका पोर्तुगीज मुलाशी तिचं जमलं. त्याच्या घरची तव्हिरा नावाच्या गावाजवळ संत्र्यांची बाग होती. दोघांनी बागेतच मोटरहोमवाल्यांसाठी उतरायचा तळ काढला. युरोपातली म्हातारी माणसं थंडी पडली की आपापली चाकांवरची घरं घेऊन तिथे येतात आणि हिवाळाभर राहतात. लग्न तिथेच नोंदणी पद्धतीने झालं. ते वहिनींनी सोफ्यावर बसून फोनमध्ये पाहिलं, साडी नेसून. सर जायला नाही म्हणाले नव्हते. सर कधीच नाही म्हणायचे नाहीत. "जाऊ ना," ते म्हणाले. "व्यवस्थित जाऊ."

हे 'व्यवस्थित' सात वर्षं चाललं.

विमानाने दोन टप्प्यांत माणूस तिथे पोचतो. सकाळी दम्मामहून निघालं तर दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीच्या गळ्यात पडता येतं. मुलगी दर फोनला हेच ओरडायची, "बाबा, प्लीज, जस्ट टेक अ फ्लाइट!" सर फोन वहिनींकडे द्यायचे आणि मला म्हणायचे, "हिला प्लॅनिंग काय कळतंय. लिही."

मी लिहायचो. रिव्हिजन शून्य, रिव्हिजन एक, रिव्हिजन दोन. जर्मन शहरांत गाडीच्या काचेवर हिरवा स्टिकर लागतो. फ्रान्सचा वेगळा. प्रत्येक देशात गॅसच्या सिलिंडरचं तोंड निराळं, म्हणून चार प्रकारचे जोड. साडेतीन टनांच्या वर गाडी गेली तर आपलं लायसन्स चालत नाही, म्हणून सगळ्याचं वजन. एका शुक्रवारी सरांनी न्हाणीघरातला वजनकाटा हॉलमध्ये आणला आणि घरातला प्रत्येक डबा, प्रत्येक कढई, कुकर, पोळपाट त्यावर चढला. मग म्हणाले, "माणसं." मी चढलो. माझी बायको त्या दिवशी आली होती, ती म्हणाली, "मी काही मालगाडीत जाणार नाहीये," आणि स्वयंपाकघरात निघून गेली. वहिनी चढल्या. सर वाकून बघत होते. "एकाहत्तर," ते म्हणाले. "मागच्या रिव्हिजनला अडुसष्ट धरलं होतं. लिही, तीन किलो डेव्हिएशन." वहिनी काट्यावरून उतरल्या आणि आम्हाला पोहे आणायला गेल्या.

ते पोहे सुद्धा त्या टेपच्या आतल्या स्वयंपाकघरात करून दाखवायला लावायचे. एकाच शेगडीवर, सव्वा मीटर जागेत, न वळता. सर हातात घड्याळ घेऊन उभे. "एकोणीस मिनिटं. चौदावर यायला हवं." वयाची पन्नाशी उलटलेली बाई, घरात चांगला मोठा ओटा असताना, गालिच्यावरच्या पिवळ्या चौकोनात अंग चोरून कांदा चिरत असायची, आणि मी समोर बसून 'ब्रेकफास्ट – १९ मिनिटं' असं टाइप करायचो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

महामारीत सगळं जग घरात कोंडलं गेलं, तेव्हा सर सगळ्यात खुशीत. सीमा बंद, विमानं बंद, कोणी निघा म्हणायला नाही. तेव्हा व्हिडिओवर शुक्रवार चालू होते. तिकडे मुलीचा तळ ओस पडला होता. ती रडायची. वहिनी तिला फोनवर म्हणायच्या, "येऊ गं आम्ही. बाबांचं चाललंय बघ."

आठव्या रिव्हिजनला मला खरंच वाटलं की निघालो. आम्ही चौघं रियाधला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. युरोपचे व्हिसा लागले, वर्षभराचे, कितीही वेळा आत-बाहेर करता येणारे. वहिनींनी पासपोर्ट उघडून ते पान मला तीनदा दाखवलं. फ्रँकफुर्टला गाडी ठरली. रजा मंजूर. वहिनींनी लेकीसाठी मेतकूट, भाजणी, गोडा मसाला असं सगळं बांधून ठेवलं, प्रत्येक पुडीवर वजनाची चिठ्ठी. निघायच्या आठवडाभर आधी गाडीवाल्यांचा मेल आला की ठरलेलं मॉडेल नाही, दुसरं देतो, जवळजवळ तेच, फक्त पिण्याच्या पाण्याची टाकी एकशे दहा लिटरऐवजी पंच्याण्णव लिटरची आहे.

सरांनी सगळं रद्द केलं. पंधरा लिटर पाण्यासाठी!

मी लॅपटॉपवरचा हात काढला. म्हटलं, "सर, युरोपात पावला-पावलाला नळ आहेत. तुमच्या मुलीच्या तळावर तर प्रत्येक गाडीला नळ आहे."

"तू टाइप कर," सर म्हणाले.

वहिनींनी भाजणी फ्रीझरमध्ये टाकली.

हे पाण्याचं गणित मला आधीपासून खुपत होतं. प्लॅनमध्ये शेवटच्या टप्प्याला स्पेनमध्ये, सरहद्दीवरची नदी ओलांडायच्या अलीकडे, टाकी काठोकाठ भरायची असं लिहिलेलं होतं. तिथून मुलीचं घर तासाभरावर. आणि पुढे: माणशी नऊ लिटर, चार माणसं, तीन दिवस, एकशे आठ. वर दोन लिटर फ्लोट, म्हणजे अडचणीसाठी राखीव. चौथ्या दिवशी सकाळी परत नदीपलीकडे. सव्वीस दिवसांचा प्रवास आणि मुलीकडे मुक्काम तीन दिवस. पंच्याण्णव लिटरमध्ये तो अडीच दिवसांवर येत होता. मला वाटलं, सरांचं डोकं शटडाऊनमध्ये काम करून करून तसं झालंय. मी ते विक्षिप्तपणात ढकललं. माणूस विक्षिप्त आहे असं एकदा म्हटलं की आपल्याला पुढे काही विचारावं लागत नाही.

आठवी रिव्हिजन बारगळल्यावर त्यांनी काढलं की पाणी खरोखर किती लागतं ते मोजलं पाहिजे. चाचणी झाली पाहिजे. म्हणून भाड्याची मिनीबस घेऊन आम्ही चौघं रियाधवरून बुरैद्याला गेलो. ऑगस्टमध्ये. बसच्या मागे एकशे दहा लिटरचा निळा प्लास्टिकचा पिंप दोरीने बांधलेला, त्याला खाली तोटी. नियम असा की पिंपाबाहेरचं थेंबभर पाणी घ्यायचं नाही. पेट्रोल पंपावर नाही, हॉटेलात नाही.

मी गाडी चालवत होतो. बाहेर शेहेचाळीस अंश. पिंपाचं पाणी चहासारखं गरम झालेलं. दुसऱ्या दिवशी मजमा नावाचं गाव ओलांडल्यावर ते संपलं. पुढे तास-दीड तासाचा रस्ता. मी पंपावर गाडी वळवायला लागलो तर सरांनी स्टिअरिंगवर हात ठेवला.

"टेस्ट म्हणजे टेस्ट."

"सर, बायका आहेत मागे."

"त्या पोर्तुगालमध्येही असणार आहेत."

मागून माझी बायको म्हणाली, "यांना इथेच उतरव. चालत येतील पिंप घेऊन." आरशात मला वहिनींचे सुकलेले ओठ दिसत होते. तरी मी गाडी सरळ नेली. हो, नेली. साहेब ते, मी त्यांचा माणूस.

बुरैद्याचा खजुराचा बाजार त्या दिवसांत ऐन भरात असतो. पहिल्याच दुकानात एका म्हाताऱ्या सौदी दुकानदाराने आमची तोंडं बघून न विचारता पुढ्यात पाण्याचे ग्लास आणि कहवा ठेवला. सरांनी छातीवर हात ठेवून मान हलवली. "शुक्रन, शुक्रन." म्हाताऱ्याला कळेना. इथे कोणी पुढे केलेलं असं परत करत नाहीत. तो म्हणाला, "लेश? हादा मोया!" म्हणजे, का रे बाबा, नुसतं पाणी तर आहे. सर परत छातीवर हात.

वहिनींनी ग्लास उचलला आणि प्यायल्या. मग दुसरा. मग सरांच्या पुढ्यातला तिसरा. म्हातारा खूश होऊन हसला. सरांनी खिशातून वही काढली आणि लिहिलं, मोजणीबाहेर तीन ग्लास.

परतीच्या रस्त्याला सर पुढच्या सीटवर झोपले. झोपेत सुद्धा मान ताठ. मागे माझ्या बायकोने वहिनींना सरळ विचारलं, "वहिनी, हे पाण्याचं काय आहे हो?"

वहिनी हळू आवाजात बोलल्या, पण मला सगळं ऐकू येत होतं. "यांचे आजोबा वर्षातून एकदा लेकीकडे जायचे. यांच्या आत्याकडे. घरून तांब्या भरून न्यायचे. हे लहान होते, सोबत असायचे. आत्या दारात उभी, आणि आजोबा ओट्यावर बसून स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्यायचे. लेक दिली त्या घरचं पाणी प्यायचं नाही, तिला मूल होईपर्यंत. आत्याला मूल झालंच नाही. आजोबा गेले ते तिच्या घरचं पाणी न पिताच गेले. हे सांगताना यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, लग्न नवीन असताना."

"म्हणजे पोर्तुगालला..."

"स्वतःचं घर, स्वतःचं पाणी घेऊन जायचं. तिच्या दारात गाडी उभी करायची, तीन दिवस राहायचं, तिच्या घरचं काही न घेता परत यायचं. म्हणजे नियमही मोडत नाही आणि तिला तसं तोंडावर सांगावंही लागत नाही."

"हे त्यांनी तुम्हाला सांगितलं?"

"छे. हे कुठे काय सांगतात. मी ओळखलं."

माझी बायको भडकली. "अहो पण ते कॅन्टीनमध्ये कोणाच्याही हातचं खातात! अरबांचा कब्सा-मंडीचा मटणभात खातात!"

"कोणाच्याही हातचं चालतं," वहिनी म्हणाल्या. "लेकीच्या हातचं नाही."

एवढा शिकलेला माणूस. घरात देवाला हात न जोडणारा, सोवळंओवळं न मानणारा, श्राद्धाला हसणारा. लहानपणी ज्या गोष्टीने रडू आलं तीच गोष्ट हा आपल्या मुलीला करायला निघाला होता, आणि तीही सुबक तक्त्यात बसवून. आणि तक्ता माझ्या लॅपटॉपमध्ये होता. घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, "बस झालं. आता मी जाणार नाही."

पुढच्या शुक्रवारी दहा वाजता मी बेल वाजवली.

त्या वर्षीच्या शटडाऊनच्या ऐन तोंडावर मुलीचा फोन आला. शुक्रवारच होता, म्हणून मी समोर होतो. फोन स्पीकरवर.

"आई, डोन्ट पॅनिक, ओके? ते मागचं दुखणं होतं ना, डॉक्टर म्हणतायत यूटरस काढावं लागेल. नेक्स्ट थर्सडे. मी ठीक आहे."

वहिनी उभ्या राहिल्या. "मी येते."

"आई, खरंच येशील?"

"शटडाऊन आहे," सर म्हणाले. "सहा आठवडे थांब. आम्ही व्यवस्थित येतो."

"बाबा, आईला एकटीला पाठवा ना. प्लीज. व्हिसा आहे ना तिचा."

"ती एकटी कशी येईल? काहीतरी बोलू नकोस. विश्रांती घे." आणि फोन ठेवला.

वहिनी आत गेल्या. मी मनात म्हटलं, आता तरी हा माणूस रडेल, चिडेल, काहीतरी करेल. सर उठले, खिशातली मेजपट्टी काढली, टेपच्या आत गुडघ्यांवर बसले आणि पलंगाखालची जागा मोजायला लागले.

"रिव्हिजन अकरा उघड," ते म्हणाले. "इथे दुसरी टाकी बसते. सत्तर लिटरची. लिही."

"दुसरी टाकी कशाला, सर?"

"आता ती अट कधी सुटायची नाही. पाण्याची कायमची सोय बघायला पाहिजे."

मला काय झालं ते मी सांगू शकत नाही. मुलीच्या पोटावर सुरी फिरणार होती, आणि हा माणूस तिला आता मूल होणार नाही याचे लिटर काढत होता. मला ती मेजपट्टी हिसकावून खिडकीबाहेर फेकायची होती. ओरडायचं होतं. मी काय केलं? मी टाइप केलं. 'टँक दोन – ७० लि.' मग रिकामा कप उचलून स्वयंपाकघरात गेलो.

वहिनी नळाखाली भांडी धूत होत्या. भांडी आधीच स्वच्छ होती.

"वहिनी," मी म्हटलं, "व्हिसा तुमच्या पासपोर्टात आहे. फोन त्यांचा असला तरी तो चालवता तुम्ही. बटण दरवेळी तुम्हीच दाबता."

त्यांनी नळ बंद केला. "तसं जाता येतं, भाऊजी?"

"येतं."

"यांनी सांगितल्याशिवाय?"

"त्या ॲपला कोणी सांगितलं ते कळत नाही, वहिनी. त्याला फक्त दाबलेलं कळतं."

त्यांनी पदराला हात पुसले, बाहेर गेल्या आणि सोफ्याशेजारी चार्जिंगला लावलेला सरांचा फोन उचलला. सर गुडघ्यांवरच होते, पाठ आमच्याकडे. "पासष्ट सेंटिमीटर," ते म्हणाले. वहिनींनी एक बटण दाबलं, मग दुसरं. फोन वाजला, नंबर आला, तो त्यांनी घातला. आठव्या रिव्हिजनच्या वेळची परवानगीची फी भरलेली पडून होती. "उंची अठ्ठावीस," सर म्हणाले. परत फोन वाजला. वहिनींनी तो होता तिथे ठेवला आणि म्हणाल्या, "साठ दिवसांची घेतलीय."

सरांनी वळून बघितलं. मग फोन घेतला, चष्मा लावला, मेसेज वाचला. दोनदा वाचला. आणि मेजपट्टी गुंडाळून खिशात ठेवली.

मंगळवारी सकाळी वहिनींना दम्मामच्या विमानतळावर मी सोडलं. सर शटडाऊनच्या मीटिंगला गेले होते. वहिनींची बॅग जड होती, एकाही पुडीवर चिठ्ठी नव्हती. गाडीत त्या फक्त एवढंच बोलल्या की तिला शेवग्याच्या शेंगांची आमटी आवडते आणि शेंगा तिथे मिळतील की नाही कोण जाणे. आत जाताना त्यांनी मागे वळून बघितलं नाही. मला फार बरं वाटलं.

ऑपरेशन नीट झालं. गुरुवारी रात्रीच जावयाने फोटो पाठवला: पलंगावर मुलगी, शेजारी खुर्चीत वहिनी, तिचा हात धरून. तो फोटो बघितला आणि माझा दबलेला सगळा राग वर आला. सात वर्षं! हे एका बटणाचं काम होतं. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी लॅपटॉप घेतला नाही. जिना चढताना काय काय बोलायचं ते तोंडातल्या तोंडात म्हणत गेलो. नोकरी गेली तरी चालेल, पण आज या माणसाला ऐकवायचंच.

दार सरांनी उघडलं. मी त्यांना दार उघडताना पहिल्यांदाच पाहिलं. दाढी वाढलेली, अंगात बनियन. आत शिरलो आणि तिथेच सुरू झालो. सगळं बोललो. वजनकाटा, चौदा मिनिटांचे पोहे, बुरैद्याचा रस्ता, आजोबांचा तांब्या. म्हटलं, तुमची आत्या दारात उभी राहून जे बघत होती ते तुम्ही तुमच्या पोरीला दाखवणार होतात. म्हटलं, तुम्ही वहिनींना सात वर्षं या खोलीत बांधून ठेवलंत. मोठ्याने बोललो. खाली ऐकू गेलं असेल.

सर सोफ्याच्या कडेवर बसून ऐकत होते, मान खाली. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "तिला माझ्याशिवाय जाता येतं, हे तू सांगितलंस?"

"हो," मी म्हटलं. "मीच सांगितलं."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं, आता फुटेल हा माणूस. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काम लांबलं की मीटिंगमध्ये ते विचारायचे, उशीर नक्की कुठे झाला, तसंच त्यांनी विचारलं, खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

"मग इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

मी तोंड उघडलं. साहेब होतात तुम्ही, असं म्हणता आलं असतं. मला पाण्यामागचं कारण माहीत नव्हतं, असंही, पण बुरैद्यापासून ते माहीत होतं. खरं उत्तर वेगळंच होतं. मला मजा येत होती. शुक्रवारी गरम पोहे खात, एसीत बसून, फ्रान्सचे घाट आणि स्पेनचे पूल टाइप करायला मला सात वर्षं मनापासून मजा आली होती, आणि ते पोहे करणारी बाई समोर असून मला दिसली नव्हती.

हे मी त्यांना सांगितलं नाही. बूट घातले, जिना उतरलो, आणि सगळा राग त्यांच्याच नावावर ठेवून घरी आलो.